शनिवारी चार ते सहा कुंपणाबाहेर

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं शाबूत आहेत, हे सोबत नमूद करतो. आमच्या कारखान्यात हल्ली नमस्काराबरोबर एवढं कळवायची पद्धत पडली आहे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? ते अजूनही जिना उतरताना कठडा धरत नाहीत, असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांना माझा नमस्कार सांग आणि कठडा धरायला सांग. आमच्याकडे जिन्यावर तशी पाटीच आहे, मीच लावलेली. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि ही हकिकत मध्ये न बोलता ऐकण्यासारखी आहे. तर पहिली गोष्ट, तुझा बारक्या मजेत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा. तो जेवतो, झोपतो, चालतो, आणि डोकं सोडलं तर त्याला रग्बीत कुठेही काही लागलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू त्याला माझ्याकडे नोकरीला पाठवलंस तेव्हा स्टेशनवर त्याचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली होतीस, याच्याकडे लक्ष ठेव. (हात हातात मावत नव्हता. सहा फूट उंचीच्या आणि पंचाण्णव किलोच्या माणसाचं नाव बारक्या कोणी ठेवलं, हे मला अजून कळलेलं नाही. तूच ठेवलं असशील.) लक्ष ठेवणं हाच माझा धंदा आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचा सुरक्षा अधिकारी म्हणजे कोणीतरी सोम्यागोम्या नव्हे. फाटकाच्या आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला जो मोठा फळा दिसतो, ‘आज अपघाताविना अमुक दिवस’, तो माझा. रोज सकाळी आकड्याची पाटी मी स्वतःच्या हाताने बदलतो. रविवारी कारखाना बंद असतो, त्यामुळे अपघात होत नाही, म्हणून रविवार आम्ही आवर्जून धरतो. गेल्या शनिवारी फळ्यावर नऊशे चौऱ्याण्णव होते. येत्या शुक्रवारी हजार भरणार. हजाराला प्रत्येक कामगाराला एक भिंतीवरचं घड्याळ आणि मोठ्या साहेबांना मुख्य कार्यालयात ढाल मिळायची आहे. घड्याळं येऊन पडली आहेत. एकाची पाटी आणि तीन शून्यांच्या पाट्यासुद्धा नव्याने रंगवून माझ्या कपाटात ठेवल्या आहेत.

आता यात रग्बी कुठून आली, असं तू विचारशील. ती मोठ्या साहेबांच्या बॅगेतून आली. साहेब तीन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं की रग्बीने माणसं जवळ येतात. हे अगदी खरं आहे. इतकी जवळ आलेली माणसं मी त्याआधी फक्त लिफ्टमध्ये पाहिली होती. खेळ थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पंधरा पंधरा जण. चेंडू लांबट, जमिनीवर पडला की कुठे उडेल हे त्यालाही ठाऊक नसतं. तो हाताने फेकायचा तर मागेच फेकायचा आणि पळायचं मात्र पुढे. (आमच्या ऑफिसात फायली अशाच पुढे जातात, त्यामुळे नियम शिकवायला वेळ लागला नाही.) ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला धरून आडवा करायचा, याला टॅकल म्हणतात. आणि अधूनमधून दोन्हीकडचे आठ आठ जण वाकतात, एकमेकांच्या खांद्यात डोकी खुपसतात आणि रेटायला लागतात, त्याला स्क्रम म्हणतात. मी सुरक्षा अधिकारी या नात्याने धोक्यांचा तक्ता करायला बसलो. ‘धोका’ या रकान्यात ‘माणूस’ असं लिहिलं आणि ‘उपाय’ या रकान्यात ‘माणूस टाळावा’ असं लिहून तो साहेबांकडे पाठवला. साहेबांनी त्यावर ‘पाहिले’ अशी सही केली.

तरी मी हात टेकले नाहीत. पहिल्या सामन्याला मी पंधराही जणांना कारखान्याच्या पिवळ्या कडक टोप्या आणि गमबूट घालून मैदानात उतरवलं. पंचाने सगळं काढून घेतलं. म्हणाला, या टोपीने समोरच्याचं डोकं फुटेल. समोरच्याचं डोकं माझ्या अखत्यारीत येत नव्हतं, पण वाद घातला नाही. मग दातांवर बसवायची रबरं आणली. ती गरम पाण्यात मऊ करून चावायची असतात. गरम पाणी आमच्याकडे फक्त गोंदाच्या खोलीत असतं आणि तिथली भांडी एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. त्यानंतर एक अख्खी पाळी संघातले दोघं कमालीचे शांत होते. संघाचे शर्ट मात्र झकास झाले. आपल्या खोक्यांवर असतात तीच चिन्हं छापली, पाठीवर ‘जपून हाताळा’चा पेला आणि छातीवर ‘ही बाजू वर’चा बाण. प्रतिस्पर्ध्यांनी पेल्याकडे दुर्लक्ष केलं, पण बाणाचा उपयोग झाला. आपला माणूस उलटा पडलाय की सुलटा, हे लांबून कळायला लागलं.

खरी अडचण फळ्याची होती. कुंपणाच्या आत झालेली प्रत्येक इजा ही कारखान्यातली इजा, असा नियम आहे. (तोही मीच केला आहे, कँटीनचा आचारी घसरून पडला त्या वर्षी.) आणि मैदान कुंपणाच्या आत, मालाच्या गोदामामागे. पहिल्याच सामन्यात टायपिस्टचा खांदा निखळला. साहेबांनी मला बोलावून घेतलं, दार लावलं आणि विचारलं की खांदा निखळला असं लिहिलंच पाहिजे का. मी म्हटलं, नियम आहे. साहेब फार हुशार. त्यांनी नियमाला हात लावला नाही, कुंपणाला लावला. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं की दर शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळेत मैदान हे कारखान्याच्या बाहेर आहे असं समजण्यात यावं. हद्द कळावी म्हणून गोदामाच्या कोपऱ्यापासून चुन्याची रेघ मारण्यात आली. परिपत्रकावर खाली डावीकडे माझी सही आहे. त्या वेळी मला ती सही करताना काही वाटलं नाही. उलट, इतका नीटनेटका कागद बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, असं वाटलं.

आता डोक्याविषयी. रग्बीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ठळक अक्षरात दिलं आहे की डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढा आणि त्या दिवशी परत आत सोडू नका. शंका कशी घ्यायची तर काही साधे प्रश्न विचारायचे. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, आज कोणाशी खेळतोय, गेल्या वेळी कोणाशी खेळलो, जिंकलो की हरलो. एकही उत्तर चुकलं की बाहेर. (सगळी बरोबर आली म्हणजे डोकं ठीक आहे, असं मात्र पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. हे मी परवा पुन्हा वाचलं.) आता तू म्हणशील की किती सोपं आहे. पण ताई, मी वीस वर्षं कारखान्यात काढली आहेत. आमच्याकडे तपासणीसाठी निरीक्षक येतो त्याच्या आदल्या दिवशी आम्ही काय करतो? तो काय विचारणार ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं कार्डावर छापतो आणि सगळ्यांकडून पाठ करून घेतो. आग लागली तर कुठल्या दाराने जाल? उत्तरेच्या. उत्तरेच्या दारासमोर खोक्यांची थप्पी आहे, पण तो प्रश्न निरीक्षकाच्या यादीत नाही. याच सवयीने मी दर शुक्रवारी हजेरीच्या मशीनजवळ पाच उत्तरांचं कार्ड लावायला लागलो. संघाने ती घडाघडा पाठ केली. पूर्ण मोसमात आमचा एकही खेळाडू या परीक्षेत नापास झाला नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती.

गेल्या शनिवारच्या कार्डावर होतं, ‘आज कोणाशी? रंगवाल्यांशी.’ म्हणजे शेजारच्या रंगाच्या कारखान्याचा संघ. पण शनिवारी दुपारी त्यांच्याकडे अचानक निरीक्षक आला, म्हणून त्यांचा सामना आठवडाभर पुढे गेला आणि आयत्या वेळी बेकरीचा संघ आमच्याशी खेळायला आला. पाववाले. पांढरे शर्ट, कणीक मळून मळून घडलेले दंड. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला बारक्या चेंडू घेऊन पळाला, त्यांच्या दोघांनी त्याला एकदम धरलं, एकाने खालून आणि एकाने वरून, आणि त्याचं डोकं त्यांच्याच कप्तानाच्या गुडघ्यावर आपटलं. आवाज मी रेघेपलीकडे ऐकला. छातीवरचा बाण खाली होता.

मी स्ट्रेचर घेऊन धावलो. रेघेवर वॉचमनने अडवलं. स्ट्रेचर कारखान्याची मालमत्ता, मैदान सध्या कारखान्याच्या बाहेर, आणि मालमत्ता बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. मी म्हटलं, अरे, तो पडलाय. तो म्हणाला, साहेब, परिपत्रकावर तुमचीच सही आहे. त्याचं काही चुकलं नाही. अशा माणसांसाठीच मी वीस वर्षं झटलो. स्ट्रेचर तिथेच टाकून मी गेटपासला धावलो. स्टोअरकीपरकडे अर्ज, तीन प्रती, मधली प्रत निळी. मी परत आलो तोवर बारक्या आपला आपण उठून उभा राहिला होता. मग मी खिशातून प्रश्नांचा कागद काढला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर. दुसऱ्याचं बरोबर. आज कोणाशी खेळतोय? बारक्या छाती पुढे काढून म्हणाला, रंगवाल्यांशी. मी कागदावर पाहिलं. रंगवाल्यांशी. बरोबरची खूण केली. शेजारी पाववाल्यांचा कप्तान गुडघा चोळत उभा होता. तो म्हणाला, “अहो, आम्ही पाववाले.” मी त्याला म्हटलं, “तुम्ही मध्ये बोलू नका, तपासणी चालू आहे.” पाचपैकी पाच मिळाले. मी त्याला आत सोडलं. त्यानंतर तो वीस मिनिटं खेळला आणि अजून तीन जणांना आडवा गेला.

मला शंका आली नाही, ताई, कारण शंका येऊच नये अशी व्यवस्था मी स्वतः करून ठेवली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तो अंगावरचा चिखल तसाच ठेवून खुर्चीत बसला आणि म्हणाला, मामा, आज मॅच आहे ना? मी म्हटलं, झाली. पाच मिनिटांनी पुन्हा, मामा, आज मॅच आहे ना? मी म्हटलं, झाली रे. असं त्याने चार वेळा विचारलं आणि चारही वेळा मी शांतपणे उत्तर दिलं. मग मला कार्ड आठवलं, पाववाल्यांचा कप्तान आठवला. तसाच उठलो, त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत बारक्याने पाचही उत्तरं ओळीने म्हणून दाखवली. मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? बारक्या माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मामा सांगतील. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाईंनी डोक्याचे फोटो काढले, आत रक्तस्राव नाही म्हणाल्या, पण मेंदूला हिसका बसला आहे. निदान तीन आठवडे विश्रांती, आणि त्यांनी पुन्हा तपासून परवानगी दिल्याशिवाय खेळ नाही. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर काय होऊ शकतं ते त्यांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे सुरक्षा अधिकारी वगैरे कोणी नसतं का? मी म्हटलं, असतो, पण तो आत्ता बाहेर आहे.

असो. तू काळजी करू नकोस. बारक्याला आता सगळं आठवतं, तुझ्या हाताला किती जोर आहे तेसुद्धा. त्याला पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं आहे. अपघाताची रीतसर नोंद केलेली आहे. येत्या शनिवारी रंगवाल्यांशी अंतिम सामना आहे, त्यात तो अर्थातच खेळणार नाही. भाऊजींना कठड्याचं सांगायला विसरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर ‘नोंद केलेली आहे’ असं लिहिलं आहे, ते ‘करण्यात येईल’ असं वाचावं. आज मंगळवार, फळ्यावर नऊशे सत्त्याण्णव आहेत. डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्या खिशात आहे. परिपत्रकाप्रमाणे तो अपघात कारखान्याबाहेरचा आहे, पण बेकरीवाल्यांसमोर आणि तेही साहेबांच्या देखत झालेल्या गोष्टीवर मी नोंदवहीत एक ओळ जरी लिहिली तरी फळा शून्यावर येतो, कारण वहीत ‘शनिवारी कुंपणाबाहेर’ असा रकानाच नाही. आणि नोंद केली नाही तर बारक्याला काही झालेलंच नाही, आणि काही झालेलं नसेल तर त्याला शनिवारी बाहेर कशासाठी बसवायचं, असं साहेब विचारतात. त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे.

ता. क. २ : म्हणून तुझ्याकडे एक लहानसं काम आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. तू साहेबांना फोन करून आजारी असल्याचं कळव आणि बारक्याला शुक्रवारच्या आत घरी बोलावून घे. दुखणं फार मोठं नको, मध्यमसं बघ. पाठीचं चालेल, त्यात खोटंही होणार नाही. म्हणजे तो सामन्यातून सुटेल, फळा हजारावर जाईल आणि कोणाचंच मन दुखावणार नाही.

ता. क. ३ (बुधवार सकाळ) : वरचा ता. क. रद्द. पत्र टाकायला निघालो होतो. जाताना बारक्याच्या खोलीत डोकावलो, तर तो अंधारात पुटपुटत होता. मला वाटलं, पुन्हा बिघडलं. पण तो शनिवारची उत्तरं पाठ करत होता. कोणीतरी त्याला कार्ड आणून दिलं होतं, ते मीच सोमवारी छापलेलं. म्हणाला, “मामा, या वेळी चुकणार नाही. तुम्ही फक्त विचारा. आणि मला कसली भीती, बघायला तुम्ही आहातच ना?” मी त्याच्या हातातलं कार्ड घेतलं आणि कामावर गेलो. नोंदवही उघडली, त्याचं नाव लिहिलं. ‘इजेचं कारण’ या रकान्यात मी माझं पद लिहिलं. मग कपाटातून हजारासाठी रंगवून आणलेल्या शून्यांपैकी एक काढून फळ्यावर लावलं. दोन शिल्लक आहेत.

ता. क. ४ (बुधवार संध्याकाळ) : साहेबांनी विचारलं की हा फळा निदान शुक्रवारपर्यंत कुंपणाबाहेर आहे असं समजता येईल का. मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी आठवड्याअखेरपासून माझी गोंदाच्या खोलीत बदली केली. मला वाटलं होतं, घड्याळं गेली म्हणून कामगार मला फाडून खातील. जेवणाची सुट्टी झाली. मग गोंदवाला आला, दार लोटून घेतलं आणि डाव्या हाताचा अंगठा दाखवला. मागच्या वर्षीचा, वाकडाच बसलेला. म्हणाला, आता शून्य झालंच आहे तर हेही लिहून टाका. त्याच्यामागे फोर्कलिफ्टवाला उभा होता, पायाचं बोट घेऊन. त्याच्यामागे टायपिस्ट. रांग जिन्यापर्यंत गेली. (सगळ्यांनी कठडा धरला होता.) चार वाजता नोंदवही संपली. रंगवाल्यांशी सामना रद्द झाला, कारण वहीत नाव नसलेले फक्त सहा खेळाडू उरले.

ता. क. ५ : आता तू येच. आजारी पडू नकोस, तशीच ये. एक सांगून ठेवतो. बारक्या बरा आहे, पण अजून अधूनमधून एखादी गोष्ट दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारली तरी पहिल्यांदाच विचारतोय असं समजून सांग. शनिवारी त्याने मला ‘आज मॅच आहे ना’ असं चार वेळा विचारलं, आणि चारही वेळा मी शांतपणे उत्तर दिलं असं वर लिहिलं आहे. ते तीनदाच. चौथ्यांदा मी त्याच्यावर ओरडलो होतो.